टाळेबंदी उठवायची की नाही? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. तांबं, पितळ, स्टील. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं मी शटरच्या आतून पाहिली आणि बाहेरूनही. शेजारच्या अभ्यासिकेतली पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांच्या पुस्तकात टाळेबंदीवर दोन पानं आहेत; उरलेलं विचारायला ती चहाच्या वेळी माझ्याकडे येतात. सुरतेत स्थायिक झालेले नातेवाईक फोनवर तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. दुकानदार आहे, म्हणजे एका बाजूचा आहेच. ते धरून वाचा.

वाद नेमका कशावरून होता? जीव मोठा की पोट?

भाषणांत तसंच असायचं. पंतप्रधानांनी आधी 'जान है तो जहान है' म्हटलं, मग ११ एप्रिल २०२० च्या मुख्यमंत्र्यांसोबतच्या बैठकीत 'जान भी, जहान भी' आलं. त्या दिवसापासून जो तो आपल्याला हवा तो अर्धा भाग उचलायला लागला.

पण बाजारात बसून मला तरी असा एकही माणूस भेटला नाही जो म्हणाला, लोक मेले तरी चालतील पण दुकान उघडा. आणि घरातच उपाशी मरा असं म्हणणारा डॉक्टरही भेटला नाही. भांडण तिसऱ्याच गोष्टींवर होतं. आधी काय उघडायचं, ते कोणी ठरवायचं, आणि बंद ठेवायचं तर त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार. या तिन्हींची किल्ली एका शब्दात होती: 'अत्यावश्यक'. आदेशात तुमचं नाव त्या शब्दाखाली आलं की तुम्ही सुटलात. भांडी आली नाहीत.

तारखांचा गोंधळ होतो. एकदा सांगाल का?

२२ मार्च २०२० जनता कर्फ्यू. २३ मार्चला राज्यात संचारबंदी. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी, आधी १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. जूनपासून केंद्राचं 'अनलॉक' आणि राज्याचं 'मिशन बिगिन अगेन', म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावं. ५ ऑगस्टला मॉल आणि व्यापारी संकुलं, २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी, २ सप्टेंबरपासून ई-पास बंद, ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर हॉटेलं, १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या मुहूर्तावर मंदिरं.

मग दुसरी लाट. ५ एप्रिल २०२१ पासून 'ब्रेक द चेन', १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध, ७ जूनपासून पाच स्तर. शेवटचे निर्बंध उठले १ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.

आमच्या गावाला मधेच एक जादा हप्ता होता. सगळीकडे उघडायचं वारं असताना ७ ते १३ जुलै २०२० जळगाव, भुसावळ आणि अमळनेर या तीन शहरांत पुन्हा बंद झाला. तो आठवडा महाराष्ट्राच्या तारखांच्या यादीत कुठे सापडत नाही, आमच्या वहीत आहे.

उघडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता?

तिघांकडे, आणि म्हणूनच कोणाकडेच नाही असं वाटायचं. आरोग्य हा राज्याचा विषय. पण देशभराची टाळेबंदी केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लावली. राज्याने १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला, प्लेगच्या काळातला. आणि जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. वरून सूट आली तरी खालचा आदेश निघेपर्यंत ती सूट आमच्यापर्यंत पोहोचत नसे.

याचा अर्थ व्यवहारात असा: टीव्हीवर 'दुकानं उघडणार' अशी पट्टी फिरायची, सकाळी आम्ही झाडू घेऊन दुकानात, आणि दहाच्या सुमाराला पालिकेची गाडी भोंगा लावून 'कोणीही दुकान उघडू नये'. दोघंही खरं बोलत असत.

२९ ऑगस्ट २०२० ला केंद्राने सांगितलं की प्रतिबंधित क्षेत्राबाहेर स्थानिक टाळेबंदी लावायची तर आधी आम्हाला विचारा. पुढच्या मार्चमध्ये जळगाव शहरात तीन दिवसांचा बंद झाला, त्याचं नाव 'जनता कर्फ्यू' ठेवलं होतं. नावातच शहाणपण होतं म्हणा.

लाल, नारिंगी, हिरवा झोन म्हणजे काय भानगड होती?

मे २०२० च्या सुरुवातीला केंद्राने जिल्ह्यांना रंग दिले. जळगाव आणि धुळे लाल, नंदुरबार नारिंगी. तोरणमाळच्या पायथ्याचं गाव आणि नंदुरबार शहर एकाच रंगात. चोपड्याचा एखादा पाडा, जिथे रुग्ण सोडा, बाहेरचा माणूसही आला नव्हता, तो जळगाव शहराबरोबर लाल. २२ मेपासून राज्याने रंग बदलला आणि आमच्याकडे फक्त धुळे आणि जळगाव या महापालिका लाल राहिल्या. म्हणजे कागदावर अमळनेर सुटलं, जळगाव अडकलं. गंमत अशी की एप्रिल-मेमध्ये रुग्णांमुळे जिल्ह्यात गाजत होतं ते अमळनेरचंच नाव.

एक दिवस या बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची, हे खरंच होतं का?

होतं. ५ जून २०२० पासून. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, समोरची उद्या. गर्दी निम्मी होईल हा हिशेब. हिशेब करणारा माणूस बाजारात कधी पिशवी घेऊन गेला नसावा. गिऱ्हाईक दुकान बघून येत नाही, बाजार म्हणून येतं. तेल, कापड, कुकरची रिंग, चप्पल एका फेरीत. आज निम्मंच मिळालं तर ते उद्या परत येतं. गर्दी निम्मी न होता फेऱ्या दुप्पट झाल्या.

माझं दुकान कोपऱ्यावर. एक शटर बाजारपेठेच्या रस्त्याला, दुसरं गल्लीला. आता मी कोणत्या बाजूचा? पहिल्या दिवशी मी गल्लीकडचं शटर उघडलं, कारण त्या दिवशी गल्लीची पाळी होती. तपासायला आलेला कर्मचारी म्हणाला, तुमचा पत्ता मुख्य रस्त्याचा आहे. दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्याचं उघडलं. दुसराच कर्मचारी आला. तो म्हणाला, काल उघडं होतं ना? पाचशेची पावती फाडली. पावतीवर कारण लिहिलं होतं 'मास्क नाही'. मास्क तोंडावर होता. त्यालाही काहीतरी लिहावंच लागणार होतं, मी वाद घातला नाही.

शेतीला तर पहिल्यापासून सूट होती. मग केळी का फेकावी लागली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. सगळा वाद मला कळला तोही इथेच, म्हणून जरा सविस्तर.

सूट खरोखर होती. २७ मार्च २०२० लाच केंद्राने शेतीची कामं, शेतमजूर, बाजार समित्या यांना मोकळीक दिली. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर पट्ट्यात केळी कापायला कोणाची बंदी नव्हती. ट्रक चालायला बंदी नव्हती. कागद बघाल तर शेतकऱ्याला काहीच त्रास नव्हता.

पण केळी जाते कुठे? आपली बहुतेक केळी उत्तरेत जाते, दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश. ती तिथे विकतो कोण? हातगाडीवाला. तो अत्यावश्यक होता का? कागदावर फळविक्रेता म्हणून होता, रस्त्यावर पोलिसाच्या काठीसमोर नव्हता. त्यातले कितीतरी जण गाडी लावून गावी पायी निघाले होते. शाळा बंद, म्हणून मधल्या सुट्टीचं केळं गेलं. देवळं बंद, प्रसाद गेला. लग्नं बंद. बसस्थानक बंद, तिथली डझनाची टोपली गेली. वर ट्रक ड्रायव्हर मिळेना, कारण वाटेतले ढाबे आणि पंक्चरची दुकानं बंद. जो ड्रायव्हर जाईल त्याला परतीचा माल नाही, म्हणून भाडं दोन्ही बाजूंचं लावणार.

म्हणजे साखळीच्या पहिल्या कडीला सूट आणि शेवटच्या कडीला कुलूप. घड झाडावर थांबत नाही. माझे मामा यावल तालुक्यात. एप्रिलमध्ये व्यापारी कापणीला आला, अर्धा बाग कापला आणि उरलेलं 'पाहू' म्हणून गेला तो आलाच नाही. मामांनी घड बांधावर टाकले. म्हशींनीही तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. एरवी त्या महिन्यात केळीला उठाव असतो, त्या वर्षी इफ्तारच्या पंगतीच नव्हत्या.

पुढे ७ ऑगस्टला देवळाली ते दानापूर किसान रेल्वे सुरू झाली, ती भुसावळवरून जायची. चांगलं पाऊल. पण ऑगस्टमध्ये.

कापसाचं वेगळंच. आमच्याकडे चांगल्या भावाची वाट बघत कापूस घरात ठेवायची सवय आहे. सरकारी खरेदी टाळेबंदीत थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या. लांब धाग्याचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल, आणि ज्याला खरिपाचं बियाणं घ्यायचं होतं त्याने व्यापाऱ्याला त्याहून कितीतरी कमी भावात घातला. त्याला 'खुला बाजार' मिळाला होता की.

मग दारूची दुकानं कशी उघडली?

पैशासाठी. यात लपवण्यासारखं काही नाही. राज्याकडे जीएसटी गोळा होत नव्हता, पेट्रोल-डिझेल खपत नव्हतं, मुद्रांक शुल्क शून्य. उत्पादन शुल्क हाच हातातला पैसा. राज ठाकरे यांनी २३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून महसुलासाठी वाइन शॉप उघडा असं सांगितलं, तेव्हा लोक हसले. मे उजाडला आणि केंद्राच्याच सवलतींत ती मुभा आली. रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या.

त्या दिवशी आमच्या बाजारात एक म्हातारे कापड दुकानदार अहिराणीत एवढंच बोलले: "दुकान बंद से, पन हप्ता चालूच से." दारू उघडली याचा राग नव्हता त्यांना. सरकारला आपला हप्ता कळतो, आमचा कळत नाही, एवढंच.

मंदिरांवरून एवढं रण का पेटलं?

दारू उघडली आणि देव बंद, हे वाक्य कोणत्याही विरोधी पक्षाला फुकट मिळालेलं शस्त्र होतं. भाजपने २९ ऑगस्ट २०२० ला राज्यभर घंटानाद केला. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर पंढरपुरात. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून तुम्ही अचानक 'सेक्युलर' झालात का असं विचारलं, त्याला ठाकरे यांचं खरमरीत उत्तर गेलं. दोन्ही पत्रं वाचताना साथ कुठल्या कुठे गेली.

आमच्या भागात याची धग वेगळी होती. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी सगळ्यांत लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी, महिन्याभराची वाट. २०२० च्या आषाढीला पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. ज्यांनी आयुष्यभर पायी वारी केली ती माणसं बसला हात जोडून घरी परतली, आणि त्यांनी कोणाविरुद्ध घंटा वाजवली नाही. मोर्च्यात होते ते बहुतेक वारीला न जाणारे. हे माझं निरीक्षण, कोणाला लागलं तर लागू द्या.

मंदिरासमोरचा फूलवाला, नारळवाला, प्रसादाचा पेढेवाला यांचं पोट मात्र खरं होतं. त्यांची बाजू मांडायला कोणालाही देवाचं नाव लागलं, फूलवाल्याचं नाव कोणी घेतलं नाही.

कोणता पक्ष उघडण्याच्या बाजूने आणि कोणता बंदच्या?

खुर्ची कुठे आहे त्यावर. मार्च २०२० मध्ये चार तासांच्या मुदतीवर देश बंद केला तो भाजपच्या केंद्र सरकारने, आणि महाविकास आघाडीच्या राज्य सरकारने साथ दिली. तेव्हा 'उघडा' म्हणणारा देशद्रोही ठरत होता. सहा महिन्यांत राज्यातला भाजप 'उघडा' म्हणू लागला आणि आघाडी सरकार सबुरीचं. सीमेपलीकडे गुजरातेत भाजपचंच सरकार रात्रीची संचारबंदी लावत होतं.

२०२१ ला उलटंपालटं पुन्हा. २० एप्रिलला पंतप्रधान म्हणाले, राज्यांनी टाळेबंदी हा शेवटचा पर्याय मानावा. राज्य तेव्हा आधीच बंद होतं. त्या एप्रिलमध्ये व्यापाऱ्यांचा खरा संताप झाला तो फसवणुकीच्या भावनेने. आधी कानावर आलं शनिवार-रविवार बंद, आदेश हातात पडला तर महिनाभर सगळेच वार बंद. शनिवार-रविवारला आमची मान हललेली होती.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंकडे एकेक खरा मुद्दा होता. खाट आणि ऑक्सिजन नसताना उघडणं म्हणजे लोकांना वाऱ्यावर सोडणं, हे सरकारचं खरं. बंद ठेवायचं तर हातात पैसे ठेवा, हे विरोधकांचं खरं. आणि आपापल्या मुद्द्याचा खर्च दुसऱ्याने करावा यावर दोघांचं एकमत. जीएसटीची भरपाई राज्य मागत होतं, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी साथीला 'देवाची करणी' म्हटलं, २७ ऑगस्ट २०२० ला. त्या दिवशी आमच्या व्यापारी मंडळींत एकाने विचारलं, मग देवाची करणी म्हणून मी पण वीजबिल भरू नको का?

मजुरांचा प्रश्न या वादात कुठे होता?

सगळ्यांच्या भाषणांत होता, कोणाच्याही आदेशात वेळेवर नव्हता. नंदुरबार-धुळ्याचे भिल्ल, पावरा मजूर ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जातात. मार्चअखेरीस ते नवापूरच्या वाटेने चालत आले, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर.

आणि ८ मे २०२०. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले, पहाटे मालगाडी आली, १६ जण गेले. ते चालले होते कुठे? भुसावळला. श्रमिक रेल्वे मिळेल या आशेने. भुसावळ जंक्शन आम्हाला घरच्या ओट्यासारखं, आणि तिथवर पोहोचणं हाच त्यांच्यासाठी प्रवास होऊन बसला. श्रमिक गाड्या १ मेला सुरू झाल्या. २५ मार्च ते १ मे मोजून बघा.

नवापूरला दोन राज्यांचे नियम एकदम लागत होते म्हणे?

नवापूर रेल्वे स्थानकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. बाकावर बसलात तर एक माणूस या राज्यात आणि शेजारचा त्या राज्यात. एरवी लोक तिथे फोटो काढतात. साथीत तो विनोद राहिला नाही. रावेरकडे हेच बऱ्हाणपूरशी, म्हणजे मध्य प्रदेशाशी. आमची सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं सीमेला न जुमानता चालतं; नियम मात्र मुंबई, गांधीनगर आणि भोपाळ इथून निघत. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये निम्मा खान्देश राहतो. तिथून अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. २०२० ची अखाजी २६ एप्रिलला होती, २०२१ ची १४ मेला. दोन्ही वर्षं झोके रिकामे.

२०२१ च्या पाच स्तरांचं काय झालं?

कल्पना खरंतर सगळ्यांत शहाणी होती. तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघाले तो दर आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर. ५ टक्क्यांखाली दर आणि २५ टक्क्यांखाली खाटा, तर पहिला स्तर, सगळं खुलं. पहिल्यांदाच दुकानदाराला कळलं की आपण कधी उघडणार हे कशावर ठरतं.

पण जाहीर कसं झालं पहा. ३ जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्हे खुले म्हणून सांगितलं, त्यात जळगाव आणि धुळे होते. काही तासांत मुख्यमंत्री कार्यालय म्हणालं, अजून विचाराधीन आहे. आमच्या गल्लीत तोवर पेढे वाटून झाले होते. मग ७ जूनपासून ते लागू झालंच. आणि लगेच डेल्टा प्लस हा विषाणूचा नवा प्रकार आला. राज्यात पहिले २१ रुग्ण सापडले त्यात ७ जळगाव जिल्ह्यातले. २५ जूनच्या आदेशाने सगळं राज्य किमान तिसऱ्या स्तरात. आकडे चांगले ठेवून पास झालेल्या जिल्ह्याला पुन्हा त्याच वर्गात बसवलं. साथीच्या दृष्टीने ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर आकड्यांवर कोणाचा विश्वास राहिला नाही.

तुम्ही व्यापारी लोकांनीच साथ पसरवली, असं म्हणतात. खरं काय?

थोडं खरं आहे. अर्धं शटर वर करून आत चार-पाच गिऱ्हाइकं घ्यायची आणि शटर पाडायचं, हे आम्ही केलंय. मी केलंय. बंद खोलीत, पंखा लावून, मापं काढत. उघड्या दुकानापेक्षा ते वाईट, हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा शेजारी, पंचवीस वर्षांचा, चौदा दिवसांत गेला. तो अर्ध्या शटरमुळे गेला की लग्नामुळे की दवाखान्यात, कोण सांगणार. त्यानंतर मी ते करणं सोडलं.

आणि बंदचा वेळ वापरायचा कसा, हे दाखवलं नंदुरबारने. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले. त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच, पहिली लाट ओसरत असताना, हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा केला, पुढे आणखी वाढवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा राज्यातला हा सगळ्यात मागास म्हणवला जाणारा जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन बनवत होता. 'उघडा' आणि 'बंद ठेवा' म्हणणाऱ्या दोघांनी मिळून हे एक मागितलं असतं, तर अर्धी भांडणं झालीच नसती.

मदत मिळाली की नाही?

ज्याला त्याला थोडी, वेळ टळून गेल्यावर. रेशनवर माणशी ५ किलो जादा धान्य मिळालं आणि त्यावर खरोखर घरं चालली. हे मान्य करायला हवं. शिवभोजन थाळी तेव्हा ५ रुपयांना. फेरीवाल्यांना केंद्राचं १०,००० रुपयांचं कर्ज, पण ते कर्जच. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्याचं ५,४७६ कोटींचं पॅकेज: फेरीवाले, रिक्षावाले यांना १,५०० रुपये, खावटी योजनेतल्या आदिवासी कुटुंबांना २,०००. बँकेच्या हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत स्थगिती होती, व्याज मात्र चालू. माझ्यासारख्या मधल्या दुकानदाराला यातलं काही लागू नव्हतं, आणि दोन नोकरांचा पगार होता. एकाचा दिला, दुसऱ्याचा निम्मा दिला. तो अजून माझ्याकडेच आहे, त्याने तो विषय काढलेला नाही.

शाळा बंद आणि निवडणुका चालू, असं झालं होतं ना?

झालं होतं. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर बारा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं, तेव्हा पाचवी ते आठवीचे वर्ग बंदच होते. ते २७ जानेवारीला उघडले. ज्या शाळेत पोरांना बंदी, तिथेच मतदान केंद्र. जळगाव महापालिकेत मार्च २०२१ ला महापौराची निवड ऑनलाइन झाली आणि भाजपचे नगरसेवक फुटून शिवसेनेच्या जयश्री महाजन निवडून आल्या. सत्तांतर व्हायला गर्दी लागत नाही, एवढं त्यातून कळलं.

उलटा किस्सा धुळे-नंदुरबार जिल्हा परिषदांच्या पोटनिवडणुकांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ओबीसी आरक्षणावरच्या निकालाने रिकाम्या झालेल्या जागा, मतदान १९ जुलै २०२१. साथीचं कारण देऊन ते पुढे गेलं आणि ५ ऑक्टोबरला झालं. साथ खरी की आरक्षणाची अडचण खरी, यावर पारावर अजून दोन तट आहेत.

बाहेरच्या देशांत हा वाद झाला का?

झाला, आणि जास्त तिखट. अमेरिकेत अध्यक्ष ट्रम्प यांनी १७ एप्रिल २०२० ला 'मिशिगन मुक्त करा' असं ट्वीट केलं. त्याच महिन्याच्या शेवटी तिथल्या विधानभवनात बंदुका घेऊन लोक शिरले. स्वीडनने सक्तीची टाळेबंदी लावलीच नाही. ऑक्टोबरमध्ये काही शास्त्रज्ञांनी धोक्यातल्यांना जपा, बाकी उघडा असं जाहीरपत्र काढलं, दुसऱ्यांनी दहा दिवसांत त्याला उत्तर दिलं. आपल्याकडे बंदुका निघाल्या नाहीत, पावत्या निघाल्या.

लग्नसराईत तुमचं किती नुकसान झालं?

आकडा सांगत नाही. एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून देतात. २०२० च्या मार्चमध्ये एका घरचा पूर्ण संच कोरून तयार होता: घागर, कळशी, परात, बारा ताटं, मुलीचं नाव आणि अखाजीच्या आसपासची तारीख. लग्न पुढे ढकललं. डिसेंबरचा मुहूर्त काढला, घरात कोणी आजारी पडलं. मग एप्रिल २०२१. तेवढ्यात आदेश आला, २५ माणसं आणि दोन तास, मोडला तर ५० हजार दंड. तेही गेलं. शेवटी जूनमध्ये लागलं. मुलीचे वडील आले, म्हणाले तारीख पुसता येईल का. स्टीलवरची कोरीव तारीख घासून जात नाही, तिथे डाग राहतो. मी म्हटलं, ताटं बदलून देतो. ते थोडा वेळ परातीकडे बघत बसले आणि म्हणाले, राहू द्या, हीच न्यायची.

त्या काळातले आदेश आता कुठे बघायला मिळतील?

राज्याचे आणि केंद्राचे आदेश इंटरनेटवर सापडतात. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश मिळवायला जास्त खटपट पडते, कारण एकाच आठवड्यात मूळ आदेश, शुद्धिपत्रक आणि शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक निघालेलं असायचं. नाहीच मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांची मुदत असते. माझ्याकडे झेरॉक्सचा एक गठ्ठा आहे, गल्ल्याखालच्या खणात, सुतळीने बांधलेला. अभ्यासिकेतल्या पोरांना तो बघायला देतो, बाहेर नेऊ देत नाही. सम-विषम बाजूंचा आमच्या पालिकेचा जो आदेश होता, ज्यात कोपऱ्यावरच्या दुकानांबद्दल एक ओळ होती असं सगळे सांगतात, तेवढा एक त्यात नाही. कोणाकडे असेल तर दुकानात आणून दाखवा.